खुर्चीच्या पाठीवरचा हात

“आधी ऐकायचं. समोरच्याचा शेवटचा शब्द कानावर पडू दे, मगच तोंड उघड. न ऐकता बोलतो तो नट नव्हे, पोपट.”

हेस्केथसाहेबांचा हा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. लँकशायरमध्ये गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्या नाटक कंपनीत मी कपडेपट सांभाळायची, आणि अँब्रोझ थ्रेलफॉल हा लांब नाकाचा, काडीसारखा तरुण म्हाताऱ्यांची कामं करायचा. वय बावीस आणि भूमिका सगळ्या साठीच्या पुढच्या. कंपनीत पूर्ण नाटकाची वही कुणाच्या हाती पडत नसे. ज्याला त्याला आपापल्या वाक्यांची चिठ्ठी, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द ऐकायचे चुकले की माणूस रंगमंचावर उघडा पडला. अँब्रोझचं कधी चुकलं नाही. दुसरा नट बोलत असला तरी प्रेक्षक याच्याकडे बघत बसायचे, इतकं मन लावून तो ऐकायचा. मी लग्नाला हो म्हटलं ते बहुधा त्या ऐकण्याला भुलूनच. मी पहिल्यापासून हळू बोलते, आणि त्याच्याआधी माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत कुणी थांबत नसे.

पुढे कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर आली आणि इथेच मोडली. परत जाण्याऐवजी आम्ही दोघं सिनेमाच्या मागोमाग कॅलिफोर्नियात उतरलो. तेव्हा हॉलिवूडमध्ये स्टुडिओंपेक्षा संत्र्याच्या बागा जास्त होत्या. सतरा वर्षांत अँब्रोझने न्यायाधीश केले, पाद्री केले, चिक्कू काका केले, एकदा फारोचा प्रधान केला, आणि बटलर तर किती केले त्याची मोजदादच नाही. पडद्यावरच्या यादीत त्याचं नाव सातवं नाहीतर आठवं. पण तो दार उघडून आत आला की थिएटरात लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे, आला बघ तो. नाव कुणाला ठाऊक नसायचं, नाक सगळ्यांना ठाऊक.

एकोणीसशे बावीस साली एका युद्धपटाच्या वेळी त्याच्या डाव्या कानापाशी बारूद उडाली. तो कान त्याच दिवशी गेला. उजवा मात्र सावकाश गेला, घरातला पाहुणा हळूहळू सामान बांधतो तसा. मूकपटात त्याने काही अडलं नाही. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत असायचा, कोपऱ्यात व्हायोलिनवाला रडकं काहीतरी वाजवत असायचा, शेजारच्या सेटवर सुतारांची ठोकाठोक. त्या बाजारात कोण कुणाचं ऐकणार? अँब्रोझ ओठ वाचायला शिकला. घरात ते आम्हा दोघांना माहीत होतं, बाहेर कुणालाही नाही. इथली आमची इंग्रज मंडळी म्हणायची, थ्रेलफॉलला हल्ली शिष्टपणा चढलाय, मागून हाक मारली तर वळतसुद्धा नाही. लोकांनी शिष्ट म्हटलेलं त्याला चाले. बहिरा म्हटलेलं चाललं नसतं.

माझी त्यात एक अडचण होती. मी चार नेम पाळते. रोज सकाळी चर्चमधली मिस्सा, संध्याकाळची जपमाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि खोटं बोलायचं नाही. पहिल्या तिन्हींना नुसती सवय लागते. चौथ्याची दर दिवशी नव्याने सुरुवात करावी लागते. सुदैवाने सात वर्षांत अँब्रोझच्या कानांबद्दल मला कुणी सरळ विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तर ते खोटं होतं का, असं मी एकदा फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले, होत नाही, पण ते खोट्याच्या शेजारच्याच घरात राहतं.

मग बोलपट आले.

एकोणतीस सालच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात स्टुडिओने फर्मान काढलं की करारावर असलेल्या प्रत्येक नटाची आवाजाची चाचणी होईल. जो उतरेल त्याचा करार पुढे, जो उतरणार नाही त्याला नमस्कार. आमच्या इंग्रज वसाहतीत त्या आठवड्यात सगळे खुशीत होते. आपण रंगभूमीवरून आलेले, आपल्याला शब्द उच्चारता येतात, आता या अमेरिकन देखण्या पोरांची फजिती बघा. सगळ्यांत खूश होता कथबर्ट रॅग. तोही बटलर करायचा, अँब्रोझपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि शिवाय स्टुडिओत इंग्रजी रीतिरिवाजांचा सल्लागार म्हणून मिरवायचा. रविवारच्या क्रिकेटनंतर चहा घेताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, “थ्रेलफॉल, आता कळेल रे, कुणाच्या गळ्यात आवाज आहे आणि कुणाच्या चेहऱ्यावर नुसतं नाक.” अँब्रोझ सगळ्यांबरोबर हसला, पण पाव क्षण उशिरा. ते फक्त मला दिसलं.

चाचणीचा प्रवेश घरी आला तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो वाचत बसलो. उमराव जेवणाच्या टेबलाशी बसून हरवलेल्या पत्राबद्दल बोलतो आणि त्याचा बटलर मागे उभा राहून उत्तरं देतो. बटलरची नऊ वाक्यं. नऊच्या नऊ उमरावाच्या पाठीमागून. उमरावाचं तोंड कॅमेऱ्याकडे, आणि आता कर्ण्यातून ओरडून सांगणारा दिग्दर्शकही नाही, कारण चित्रीकरण चालू असताना सेटवर कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही असा नवा नियम.

अँब्रोझने कागद खाली ठेवला. सतरा वर्षं बटलर केले त्याचं हे बक्षीस, असं तो म्हणाला. 

त्याने सगळं करून पाहिलं. उमरावाची वाक्यंही पाठ केली, मनात ती म्हणत राहायचं आणि संपली की आपलं बोलायचं. पण उमराव करणार होता लायल केंड्रिक, स्टुडिओचा लाडका नायक. तो कधी घाई करी, कधी सिगार पेटवत बसे, त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. अँब्रोझने चांदीच्या तबकात प्रतिबिंब दिसतं का ते पाहिलं. दिसलं ते त्याचंच नाक. मार्चच्या दहाव्या तारखेला मी संत योसेफाच्या सणाचा नोव्हेना सुरू केला. नऊ दिवसांची प्रार्थना, आणि चाचणी नेमकी सणाच्याच दिवशी. शुभवर्तमानात संत योसेफ एक शब्दही बोलत नाहीत, तेव्हा बोलण्या-ऐकण्याच्या अडचणीत त्यांना साकडं घालावं की नाही याची मला जरा शंकाच होती.

त्याच संध्याकाळी मी ओकच्या सरळ पाठीच्या खुर्चीत बसून जपमाळ ओढत होते. एरवी अँब्रोझ समोर बसतो, माझ्या ओठांकडे बघतो, आणि नमो मरियेचा पहिला अर्धा भाग माझा, दुसरा त्याचा. त्या दिवशी तो माझ्या मागे उभा होता, एका हातात प्रवेशाचे कागद, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. प्रार्थनेत त्याचं लक्ष नाही असं समजून मी एकटीनेच सुरुवात केली. माझा अर्धा भाग संपला आणि मागून त्याचा सुरू झाला. पवित्र मरिये, देवाच्या माते. न एक क्षण आधी, न एक क्षण नंतर.

अंदाज लागला असेल, असं मला वाटलं. पुढचा मणी मी मुद्दाम लांबवला. तो थांबला, आणि मी संपवल्यावरच बोलला. त्याच्या पुढचा मणी मी भराभर म्हटला, तरी तो बरोबर आला. मग मी चार शब्द म्हणून मध्येच तोंड मिटलं. मागे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “पुढचं राहिलं, विनी.”

मी वळून पाहिलं. तो आपल्याच हाताकडे बघत होता. “लाकडातून येतंय गं,” तो म्हणाला. “तू बोलतेस ते माझ्या बोटांना लागतंय. पाठ असलेलं असलं की कुठवर आलंय ते कळतं.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आधी जपमाळ आणि मग उमराव. मी खुर्चीत बसून पत्र हरवल्याबद्दल चिडायची, पुटपुटायची, खोकायची, आणि तो मागे हात ठेवून उत्तरं द्यायचा. नऊ संध्याकाळी आमच्या घरी उमराव जेवला.

एकोणीस तारखेला मिस्सा आटोपून मी स्टुडिओत गेले. इथेही मी कपडेपटातच काम करायची, आणि आम्हा बायकांना नव्या आवाजवाल्यांनी भंडावून सोडलं होतं. रेशीम सळसळतं, काढा. बूट वाजतात, तळव्यांना लोकरीचा नमदा लावा. बटलरच्या शर्टाची कांजी केलेली छाती कडकडते, धुऊन मऊ करा. तेवढ्यासाठी मला सेटवर बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होते. आत भट्टीसारखं उकडत होतं. कॅमेरा काचेच्या एका खोलीत कोंडलेला, मायक्रोफोन टेबलावरच्या फुलदाणीत लपवलेला, आणि वर उंचावर दुसऱ्या काचेमागे नील्स डालग्रेन, कानांवर दोन काळ्या वाट्या बसवून. मिनेसोटाकडचा स्वीडिश घराण्यातला, तिशीचा, गंभीर माणूस. पूर्वी दिग्दर्शकाला सगळे भ्यायचे, आता दिग्दर्शक डालग्रेनला भ्यायचा. त्याने मान हलवली तर चित्र, नाही हलवली तर कचरा.

तालमीच्या आधी वरच्या भोंग्यातून त्याचा आवाज आला, बटलरने एक वाक्य म्हणून दाखवावं. सेटवरच्या सगळ्या माना वर गेल्या. एक सोडून. अँब्रोझ केंड्रिकचा टाय बघत उभा होता. मग त्याला बाकीच्या माना दिसल्या आणि त्यानेही वर पाहिलं. माझ्या हातातली सुई बोटात गेली, ते मला नंतर कळलं.

दिग्दर्शकाने बोला अशी हाताने खूण केली आणि त्याने वाक्य म्हटलं. मग खुर्चीमागे जाऊन हात पाठीवर ठेवला. तेवढ्यात सल्लागार पुढे आले.

“हे चालायचं नाही,” कथबर्ट रॅग दिग्दर्शकाला म्हणाला. “इंग्लंडात कुठला बटलर मालकाच्या खुर्चीला हात लावतो? उद्या मांडीवर बसेल. लंडनमध्ये हसतील आपल्याला.”

खरं सांगायचं तर रॅगचं म्हणणं बरोबर होतं. तसा हात ठेवणारा बटलर आमच्याकडे संध्याकाळपर्यंत टिकला नसता. दिग्दर्शक अमेरिकन, त्याला यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणारा माणूस सल्लागाराचं ऐकतो. त्याने अँब्रोझकडे वळून हात काढायची खूण केली. अँब्रोझने हात काढला. तो रिकामा हात त्याला कुठे ठेवावा ते सुचेना. चाळीस वर्षं ज्याला आपल्या हातांचं काय करायचं ते ठाऊक होतं, तो माणूस.

वरच्या खोलीचं दार उघडलं आणि डालग्रेन जिना उतरून खाली आला. तो सहसा येत नसे. त्याने केंड्रिकला उठवलं, खुर्ची दोन्ही हातांनी हलवली, परत ठेवली. मग दिग्दर्शकाला नाही, अँब्रोझला, त्याच्या अगदी समोर उभं राहून, सावकाश म्हणाला, “खुर्ची करकरते. माझ्या यंत्रात येईल. तुम्ही पाठीवर हात ठेवून ती दाबून धरा.”

रॅगने तोंड उघडलं. पण यंत्रापुढे इंग्लंडचं काही चाललं नाही.

लाल दिवा लागला. मी शिवणाची पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकले आणि मनात संत योसेफांना म्हटलं, आता तुम्हीच. केंड्रिक पहिलं वाक्य म्हणाला, अँब्रोझचं उत्तर आलं. दुसरं, तिसरं. केंड्रिकने ठरलं नव्हतं तिथे सिगार पेटवला, अँब्रोझ जणू त्या सिगारचीच वाट बघत असल्यासारखा थांबला. सहावं, सातवं. आठव्याच्या आधी केंड्रिक अर्ध्या वाक्यात अडकला. “ते पत्र मी स्वतः” एवढं म्हणून पुढचं विसरला. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला, पण कुणी काही बोलू शकत नव्हतं, दिवा लालच होता.

तेव्हा अँब्रोझ किंचित वाकला आणि बटलरच्या त्या थंडगार अदबीने म्हणाला, “साहेबांनी ते पत्र स्वतः जाळलं असं साहेब सांगत होते.”

केंड्रिक खदखदून हसला. उमरावच हसावा तसा. मग पुढचं वाक्य त्याला आठवलं आणि प्रवेश पार पडला. दिवा विझला तसा दिग्दर्शकही हसायला लागला, हे असंच ठेवा म्हणाला. वर काचेमागे डालग्रेनने मान हलवली. 

दुपारी मी कपडेपटात एकटीच बसून नमदा कापत होते, तेव्हा डालग्रेन दारात आला. टोपी हातात. सात वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

“बाई, तुमच्या यजमानांना ऐकू येत नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं. “एका कानाने अजिबात नाही, दुसऱ्याने असून नसल्यासारखं.”

मी कात्री खाली ठेवली. ते बघून तो घाईने म्हणाला की हे त्याच्यापाशीच राहील, त्यासाठी तो आलेला नाही. मग मला एक विचारल्याशिवाय राहवेना. खुर्ची खरंच करकरत होती का?

“थोडीशी,” तो म्हणाला. आणि पहिल्यांदा हसला.

त्याने खुर्चीवरचा हात ओळखला होता, कारण त्याच्या आईची तीच सवय. कुणी बोलत असलं की ती टेबलावर तळवा ठेवते. बाई पासाडेनाला एकट्याच राहतात, सत्तरी ओलांडलेली, बारा वर्षं ठार बहिऱ्या. दर शनिवारी सिनेमाला जायच्या. तेवढ्या दोन तासांत त्या आणि शेजारी बसलेले लोक अगदी सारखेच असत. आता त्यांच्या थिएटरात बोलपट लागले. गेल्या महिन्यात त्या मध्येच उठून घरी आल्या, आणि तेव्हापासून अंगणातसुद्धा पाऊल टाकलेलं नाही.

“आणि त्या थिएटरात यंत्र बसवायला मीच गेलो होतो,” डालग्रेन म्हणाला. टोपी त्याने हातात दोनदा फिरवली. “तुमच्या यजमानांना ती ओळखते. नाव माहीत नाही, लांब नाकवाला म्हणते. ते एखाद्या रविवारी तिच्याकडे कॉफी घ्यायला येतील का? नट म्हणून नाही. जसे आहेत तसे.”

दुसऱ्याच्या वतीने शब्द देणं माझ्या नेमात बसत नाही. मी विचारून सांगते म्हटलं.

घरी अँब्रोझ इतका खूश होता की सांगायची हिंमत होईना. रॅगचा चेहरा कसा पडला ते त्याने मला दोनदा करून दाखवलं. मग मी त्याच्या समोर बसले, दिव्याच्या उजेडात, माझे ओठ त्याला नीट दिसतील असे, आणि सगळं सांगितलं. डालग्रेनने ओळखलं हे कळल्यावर त्याचा रंग उतरला. तो कुणाला सांगेल का? नाही सांगणार. तुला कशावरून ठाऊक? त्याने मला खरं सांगितलं, खुर्ची थोडीशीच करकरत होती म्हणाला. यावर अँब्रोझला हसू आलं, पण आईचं सांगितल्यावर तो बराच वेळ टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत बसला.

“म्हणजे मी तिथे बहिरा म्हणून जायचं.”

“हो.”

“बाविसाव्या वर्षापासून म्हातारे करतोय मी. लंगडे केले, आंधळे केले. बहिरा कधी केला नाही.”

“तिथे करायचा नाहीये, अँब्रोझ. नुसतं जायचं आहे.”

तो उठला, चहाचं पाणी ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, येत्या रविवारी येतो म्हणून सांग त्याला. शब्द दिला म्हणून सांग.

करार पुढे चालू राहिल्याचं पत्र शुक्रवारी आलं. त्या संध्याकाळच्या साध्या उकडलेल्या मासळीला अशी चव आली की उपवासकाळात इतकं आवडीने जेवणं बरं की वाईट, असा मला प्रश्न पडला. अँब्रोझ म्हणाला, संत योसेफांना विचार, पण उत्तराची वाट बघू नकोस. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी सकाळपर्यंत झोपले.

तो रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीचा. आम्ही मिस्साहून आलो, मी आशीर्वादित झावळ क्रुसामागे खोवून ठेवली. तेवढ्यात रॅग पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये, बॅट काखेत मारून फाटकाशी आला. दहा जण जमलेत, अकरावा थ्रेलफॉल. चाचणीत तोही उतरला होता, त्यामुळे राग असा उरला नव्हता. पण अँब्रोझ काळा कोट घालून, टोपी घेऊन मागच्या दाराने केव्हाच निघाला होता आणि गल्लीच्या टोकाशी पोचला होता. रॅगने हाक मारली. तो वळला नाही.

“कुठे चाललीय स्वारी?” रॅगने मला विचारलं.

“पासाडेनाला. एका बाईंना भेटायला.”

“या वयात?”

“त्या सत्तरीच्या आहेत,” मी म्हटलं.

 मी खोटं बोलत नाही हे रॅगलाही ठाऊक आहे. मान हलवत तो मैदानाकडे गेला. मी फाटकाशीच थांबले. कोपऱ्यावरच्या थांब्यावर चार-पाच माणसं एकमेकांशी बोलत उभी होती. अँब्रोझ त्यांच्यापासून थोडा पुढे, रुळांकडे तोंड करून उभा राहिला, ट्राम दुरून येताना दिसावी म्हणून. शेजारच्या बाईंनी त्याच्या बाहीला हात लावून काहीतरी विचारलं. तो त्यांच्याकडे वळला, बोटाने आपला कान दाखवला, मान हलवली. मग ट्राम आली आणि तो चढला.